दुसरा बजी आणायचाय? जोडीदार निवडण्यापासून ओळख करून देईपर्यंत नेहमी विचारले जाणारे प्रश्न

घरी एक बजी (बजरीगर, तो छोटा रंगीत पोपट) आहे आणि आता दुसरा आणावा का, नर आणावा की मादी, आणला तर दोघांचं जमवायचं कसं असं ज्यांच्या डोक्यात चाललंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्याकडे बरीच वर्षं बजी आहेत, ठाण्यात फ्लॅट, ना अंगण ना गच्ची, त्यामुळे इथे जे सांगितलंय ते साध्या फ्लॅटमध्ये जमण्यासारखंच आहे. प्रश्न कुठूनही वाचायला सुरुवात करा, फक्त क्वारंटाईनचा, म्हणजे नव्या पक्ष्याला आधी वेगळं ठेवण्याचा भाग गाळू नका.

एकटा बजी ठेवला तर चालत नाही का?

चालतं, पण कुठल्या घरात ते बघा. बजी मूळचा ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या माळरानाचा, थव्याने फिरणारा, थव्याने पाणी प्यायला उतरणारा पक्षी. जॉन गूल्डने १८४० मध्ये जिवंत बजी इंग्लंडला नेले तेव्हापासून हे पिंजऱ्यात वाढतायत, रंग बदलले, आकार बदलले, पण थव्याची ओढ काही गेली नाही. एकटा असेल तर तुम्हीच त्याचा थवा. घरात आजी-आजोबा आहेत, कुणी वर्क फ्रॉम होम आहे, पक्षी दिवसभर माणसांच्या आवाजात असतो, रोज दोन-तीन तास बाहेर येतो, खांद्यावर बसतो, अशा घरात एकटा बजी मजेत राहतो. सगळे सकाळी आठला बाहेर आणि संध्याकाळी सातला परत, असं असेल तर मात्र त्याला जोडीदार हवाच. टीव्ही चालू ठेवून जाणं हा काही उपाय नाही.

त्याला कंटाळा आलाय हे कळतं कसं?

दिवसभर एकाच दांडीवर बसून राहतो, आवाज कमी झालाय, किंवा उलट एकाच सुरात तासन्तास ओरडत राहतो, खेळणी बघतही नाही, आरशाला किंवा घंटीला सारखे दाणे भरवत बसतो, स्वतःची पिसं उपटतो. यातली बरीचशी लक्षणं आजाराचीही असतात, म्हणून आधी डॉक्टर, मग जोडीदार. आजारी पक्ष्याला नवीन सोबती आणून दिला तर त्याचं टेन्शन वाढतं, आजार तसाच राहतो.

आरसा लावला तर काम होईल ना?

नाही. आरशातला बजी उत्तर देत नाही. बरेच नर आरशाच्या इतके नादी लागतात की खाणं कमी करतात, माणसावर चिडतात. आणि दुसरा पक्षी आणायचं ठरलंच असेल तर आरसा आधी काढा, नाहीतर नवीन आलेल्याला आरशापासून हुसकावण्यातच जुन्याचा दिवस जातो.

दुसरा आणण्याआधी स्वतःला काय विचारायचं?

एकच प्रश्न. दोघांचं कधीच पटलं नाही तर दोन पिंजरे, दोन जागा, दोनदा साफसफाई हे पुढची सात-आठ वर्षं करायची तयारी आहे का? उत्तर हो असेल तर आणा. "बघू, नाही जमलं तर दुकानात परत देऊ" असं उत्तर असेल तर राहू द्या. पक्षी काही शे रुपयांत येतो, म्हणून निर्णय पण हलका वाटतो, पण पिंजरा आणि पक्ष्यांच्या डॉक्टरची एक-दोन व्हिजिट यातच पक्ष्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च होतो. नीट सांभाळलेला बजी दहा वर्षंही काढतो.

दुकानदार म्हणतो हा लव्हबर्ड आहे. मग आमचा बजी आहे की लव्हबर्ड?

आपल्याकडे बहुतेक दुकानांत बजीलाच लव्हबर्ड म्हणतात, त्यामुळे नुसतं "एक लव्हबर्ड द्या" म्हणू नका, बोट दाखवून घ्या. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, जाडजूड, आखूड शेपटीचा, चोच मोठी आणि बऱ्याचदा लाल किंवा केशरी-गुलाबी. बजी सडपातळ, शेपूट लांब, पाठीवर आणि मानेवर काळ्या लाटांसारख्या रेघा, गळ्याशी ठिपके (पिवळ्या-पांढऱ्या बजीत या रेघा दिसत नाहीत, तिथे शेपूट आणि चोच बघा). फरक महत्त्वाचा आहे कारण खरा लव्हबर्ड बजीच्या पिंजऱ्यात सोडला तर तो बजीची बोटं तोडू शकतो, अक्षरशः.

मग दुसऱ्या जातीचा कुठला पक्षी चालेल?

बजीला बजीच. कॉकटेल (म्हणजे कॉकाटिल, डोक्यावर तुरा असलेला पोपट) स्वभावाने गरीब असतो, मोठ्या जागेत दोघं एकमेकांना सहन करतात, पण गंमत अशी की आकाराने लहान असून बजीच त्याला छळतो, शेपटीला लटकतो. शिवाय कॉकटेलच्या पिसांची पांढरी पावडर खूप उडते. फिंचला बजीबरोबर ठेवू नका, त्यांचे काडीसारखे पाय बजीच्या चोचीत सापडतात. आणि आपला हिरवा पोपट, लाल चोचीचा, तो तर घरात ठेवणंच गुन्हा आहे, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली. बजी परदेशी जात आहे, सायटस या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या याद्यांमध्येही नाही, त्यामुळे पाळायला हरकत नाही. कुणी "पोपटाचं पिल्लू सापडलंय, तुमच्या बजीबरोबर ठेवा" म्हणत आलं तर त्यांना वनविभागाचा रस्ता दाखवा.

नर की मादी, हे ओळखायचं कसं? दुकानदार म्हणतो हमखास जोडी आहे.

हमखास वगैरे काही नसतं, स्वतः बघायला शिका. चोचीच्या वर जिथे नाकपुड्या असतात तो मांसल भाग, ज्याला सगळे सिअर म्हणतात, त्याचा रंग बघायचा. मोठ्या नराचा सिअर निळा, एकसारखा, गुळगुळीत. मोठ्या मादीचा बदामी, तपकिरी, कधी फिकट पांढरट, आणि अंड्यावर यायची वेळ झाली की गडद तपकिरी आणि खडबडीत, जणू खपली धरलीय.

फसगत होते ती पिल्लांत. दोन-तीन महिन्यांच्या नराचा सिअर गुलाबी-जांभळा असतो, सगळीकडे सारखा. मादीचा फिकट निळसर, आणि नाकपुड्यांभोवती पांढरी कडा. आता हा निळसर रंग बघून लोक मादीला नर समजून घरी नेतात आणि चार महिन्यांनी तिचा सिअर तपकिरी झाला की दुकानदाराला शिव्या घालतात. पांढरी कडा दिसली की मादी, एवढं लक्षात ठेवा. दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये हे रंग नीट कळत नाहीत, पिंजरा दारापाशी उजेडात आणायला सांगा. मोबाइलचा टॉर्च डोळ्यांवर मारू नका.

अल्बिनो, लुटिनो (पांढरे आणि पिवळे, लाल डोळ्यांचे) आणि रिसेसिव्ह पाइड (अंगावर दोन रंगांचे धब्बे असलेला एक प्रकार) नरांचा सिअर मोठेपणीही गुलाबी-जांभळाच राहतो, त्यांच्या बाबतीत निळ्याची वाट बघू नका. आणि एक वेगळी गोष्ट, तुमच्या मोठ्या निळ्या नाकाच्या नराचा सिअर अचानक तपकिरी व्हायला लागला तर तो मादी झाला नाही, वृषणात गाठ असण्याची शक्यता असते, डॉक्टरकडे जा.

घरी नर आहे. दुसरा काय आणू?

नर. पहिली पसंती कायम नर-नर. दोन नर एकत्र गातात, एकमेकांना दाणे भरवतात, डोकं खाजवून देतात, भांडलेच तर दोन मिनिटांत विसरतात. अंड्यांची भानगड नाही. "दोन नर कसे राहतील" असं घरातले मोठे लोक विचारतात, त्यांना सांगा मजेत राहतात.

नर-मादीही छान राहतात, पण मग पिल्लं नको असतील तर नियम पाळावे लागतात, ते पुढे लिहिलेत.

घरी मादी आहे मग?

तिलाही नरच आणा. दोन माद्या हा सगळ्यात अवघड मामला. जंगलात झाडाच्या ढोलीसाठी माद्याच माद्यांशी भांडतात आणि ते भांडण दिखाव्याचं नसतं. काही माद्या आयुष्यभर गुण्यागोविंदाने राहतात, नाही असं नाही, विशेषतः पिंजरा मोठा असेल आणि घरट्यासारखं काहीच दिसत नसेल तर. पण जुळलं नाही तर रक्त निघेपर्यंत जातं. दोन माद्या आधीच आहेत तर पिंजऱ्यातलं घरट्याचं मडकं आजच काढा.

तिघं ठेवले तर?

दोन नर एक मादी किंवा दोन माद्या एक नर, दोन्हीत एकाच्या वाट्याला मार येतो. तीन नर चालतात. जागा असेल तर चार.

वय किती असावं?

तुमचा पक्षी साधारण ज्या वयाचा त्याच्या आसपासचा. पिल्लू ओळखायला सोपं, कपाळावरच्या काळ्या बारीक रेघा थेट सिअरपर्यंत आलेल्या असतात आणि डोळा पूर्ण काळा दिसतो. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसं झडतात, कपाळ साफ होतं, आणि त्यानंतर हळूहळू डोळ्याभोवती पांढरं वर्तुळ येतं. म्हणजे साफ कपाळ आणि पांढरं वर्तुळ असलेला पक्षी दाखवून कुणी "पिल्लू आहे, लगेच माणसाळेल" म्हणालं तर हसून पुढे जा.

तुमचा बजी सहा-सात वर्षांचा असेल तर त्याच्यासमोर दोन महिन्यांचं वांड पिल्लू सोडू नका. म्हाताऱ्याला दुपारी झोपायचं असतं आणि हे त्याच्या डोक्यावर नाचत असतं. अशा वेळी कुणाच्या तरी घरचा दोन-तीन वर्षांचा शांत नर बघा. बदली झाली, मुलांची दहावी आली, बाळ झालं म्हणून लोक बजी देऊन टाकत असतात. अशा पक्ष्याचा इतिहास विचारता येतो, पिंजराही बऱ्याचदा बरोबर येतो. क्वारंटाईन मात्र त्यालाही.

दुकानातून निवडताना काय बघायचं?

क्रॉफर्ड मार्केट असो की तुमच्या नाक्यावरचं पेट शॉप, पद्धत तीच. लगेच पिंजऱ्याला नाक लावू नका. बजी आजार लपवतो, माणूस जवळ आला की पिसं घट्ट करून ताठ बसतो आणि ठणठणीत दिसतो. चार-पाच पावलं लांब उभं राहून, दुसरीकडे बघतोय असं दाखवत पाच मिनिटं काढा. जो पक्षी भर दिवसा फुगून, दोन्ही पायांवर बसून, डोळे मिटतोय तो नको (निरोगी बजी झोपताना बहुतेक एक पाय पोटात घेतो). ज्याची शेपूट प्रत्येक श्वासाबरोबर वरखाली होतेय तो नको. शेपटीखालची पिसं घाण आणि चिकटलेली, नको. डोक्यावरची पिसं ओली, चिकट, दाणे लागलेले, म्हणजे तो उलटी करून डोकं झटकतोय, अजिबात नको. चोचीवर आणि सिअरवर पांढरट, छिद्रं पडलेला खरखरीत थर असेल तर ते माइट्स, म्हणजे बारीक किडे, औषधाने बरं होतं, पण तो त्या पिंजऱ्यातल्या इतरांनाही लागलेला असू शकतो.

आणि एकच पक्षी नाही, पूर्ण पिंजरा बघा. चाळीसातले चार जण कोपऱ्यात फुगून बसलेत आणि तुम्हाला आवडलेला निळा मात्र टुणटुण उड्या मारतोय, तरी त्या पिंजऱ्यातला घेऊ नका. पाणी, भांडं, हवा सगळ्यांची एकच आहे. "बिचाऱ्याला वाचवू या" म्हणून आजारी पक्षी आणणारे खूप आहेत, त्यांचं मन मोठं आहे पण घरातल्या पहिल्या पक्ष्याला कुणी विचारलेलं नसतं.

रंग शेवटी बघा. तुमच्या बजीला समोरचा हिरवा आहे की निळा याने काही फरक पडत नाही.

दुकानदार एकटा द्यायला तयार नाही, जोडीच घ्या म्हणतो.

दुसरं दुकान बघा. तुमच्या एकाबरोबर आधीच जुळलेली जोडी आणली तर ते दोघं एकमेकांतच राहतात आणि तुमचा पहिला पुन्हा एकटाच.

क्वारंटाईन खरंच लागतं का? दिसायला तर एकदम हेल्दी आहे.

लागतं. निदान ३० दिवस, ४५ केलेत तर उत्तम. बजीत येणारे कितीतरी आजार वरून दिसत नाहीत. सिटॅकोसिस, जो माणसालाही होतो. मेगाबॅक्टेरिया, जी खरं तर जठरातली बुरशी आहे, त्यात पक्षी दिवसभर खाताना दिसतो आणि तरी वाळत जातो. कँकर, म्हणजे घशातला एक संसर्ग. पॉलिओमा, पीबीएफडी (पिसं आणि चोच खराब करणारा आजार) सारखे व्हायरस. हे सगळे पक्षी आठवडे-महिने अंगावर वागवतो आणि प्रवास, नवीन घर, नवीन आवाज याच्या ताणात ते वर येतात, म्हणजे नेमके तुमच्या घरी आल्यावर.

क्वारंटाईन म्हणजे वेगळी खोली, बंद दार. हॉलच्या दोन कोपऱ्यांत दोन पिंजरे याला क्वारंटाईन म्हणत नाहीत, वर पंखा फिरतोय, पिसांचा भुगा सगळीकडे जातो. आधी जुन्याचं दाणापाणी करा, मग नव्याचं, मग हात साबणाने धुवा, आणि नव्याला खांद्यावर घेतला असेल तर तो टीशर्ट बदलल्याशिवाय जुन्याकडे जाऊ नका. भांडी, स्पंज, झाडू वेगळे. वन रूम किचन असेल तर महिनाभर बहिणीकडे, मित्राकडे ठेवा, पण त्यांच्याकडे पक्षी नसावेत. हे जमणारच नसेल तर निदान आणल्या आणल्या डॉक्टरकडून तपासणी आणि शीची टेस्ट करून घ्या. टेस्ट नॉर्मल आली म्हणजे महिना माफ असं मात्र नाही.

त्या महिन्यात बघायचं काय?

वजन आणि शी. किचनमधला छोटा डिजिटल काटा, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा, त्यावर रोज सकाळी खाण्याआधी. साधा बजी ३० ते ४० ग्रॅमचा असतो, मोठ्या डोक्याचा इंग्लिश बजी ५० च्या पुढे जातो. आकडा किती यापेक्षा घसरतोय का ते बघा. ३५ चा ३२ वर आला तर डॉक्टर.

पिंजऱ्याच्या तळाला साधा पांढरा कागद घाला, रंगीत पुरवणी नको, शी नीट दिसली पाहिजे. गडद हिरवट गुंडाळी आणि मध्ये पांढरा ठिपका, हे नॉर्मल. शीमध्ये अख्खे दाणे दिसले तर पचनाचं काहीतरी बिघडलंय. पहिले एक-दोन दिवस पातळ होऊ शकते, घाबरलेला असतो.

या काळात घरात कुणाला ताप आणि कोरडा खोकला आला आणि जात नसेल तर आपल्या डॉक्टरला घरी नवीन पक्षी आलाय हे सांगा, ते स्वतःहून विचारणार नाहीत.

पक्ष्यांचा डॉक्टर मिळत नाही!

हो, हे खरं दुखणं आहे. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आणि पक्ष्यांचा अनुभव असलेले मोजके. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. बाकी शहरांत, पक्षी आणण्याआधीच चार दवाखान्यांना फोन करून "बजी बघता का" एवढंच विचारा आणि नंबर सेव्ह करा. दुकानदाराने दिलेली पाण्यात टाकायची लाल-पिवळी पावडर देऊ नका, बऱ्याचदा ते अँटिबायोटिक असतं आणि डोस कुणालाच माहीत नसतो.

महिना संपला. आता थेट जुन्याच्या पिंजऱ्यात सोडू?

अजिबात नाही. तो पिंजरा जुन्याचं घर आहे, प्रत्येक दांडी त्याची आहे.

आधी दोन्ही पिंजरे एका खोलीत आणा, एकमेकांना दिसतील असे, मध्ये चांगलं हातभर अंतर. दिवसागणिक जवळ आणत जा, पण जाळीला जाळी चिकटवू नका, तारेतून बाहेर आलेलं बोट चावायला फार सोपं असतं. पहिल्या दिवशी बहुतेक ओरडा होतो. मग गप्प बसून एकटक बघणं सुरू होतं. आमच्या जुन्या नराचं असं होतं की तो पिंजऱ्याच्या त्याच बाजूच्या तारेला लटकून डोकं वरखाली करत, डोळ्याची बाहुली लहानमोठी करत आपलं सगळं गाणं म्हणून दाखवायचा, कुकरच्या शिट्टीसकट, आणि नवीन आलेली मादी, बर्फी, अर्धा मिनिट ऐकून पाठ फिरवून दाणे खायला लागायची. हे चांगलं लक्षण. पाठ फिरवून निवांत खातोय म्हणजे समोरच्याची भीती नाही. दोघं एकाच वेळी खायला लागले, एकाच वेळी दुपारची झोप काढायला लागले की पुढची पायरी.

पुढची पायरी पिंजऱ्याबाहेर, अशा जागी जी दोघांपैकी कुणाचीच नाही. पंखा बंद, नुसता बंद नाही, बटणावर चिकटपट्टी, कारण कुणीतरी घामाघूम बाहेरून येतं आणि सवयीने लावतं. खिडक्या बंद, काचेवर पडदा, आरसा झाकलेला, बादली-टब रिकामे, गॅस बंद. नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या धुराने बजी काही मिनिटांत मरतो, म्हणून त्या वेळी डोसे तर नकोच, एरवीही नको. टेबलावर दोन ठिकाणी कोथिंबिरीच्या जुड्या किंवा राळ्याची कणसं ठेवा आणि दोघांना बाहेर येऊ द्या. एकाच कणसावर दोघं आले आणि मारामारी न करता खाल्लं की अर्धं काम झालं. पहिले काही दिवस हे रोज, थोडा वेळ.

शेवटी एकत्र पिंजरा. शक्यतो नवीन, नसेल तर जुनाच धुवून, आतलं सगळं इकडचं तिकडे करून, जेणेकरून जुन्यालाही तो अनोळखी वाटेल. भांडी दोन, एकमेकांपासून लांब, एकाच उंचीवर. वरच्या दांड्याही दोन, सारख्याच उंचीच्या, कारण भांडण बहुतेक वेळा सगळ्यात उंच जागेवरून होतं. सुट्टीच्या दिवशी सकाळी सोडा आणि दिवसभर घरात राहा. रात्री लाइट घालवून "आपोआप जुळेल" म्हणत सोडू नका.

किती दिवस लागतात?

क्वारंटाईननंतर काहींना चार दिवस पुरतात, काहींना दोन महिने. दोन नर सहसा लवकर जुळतात. तुमची घाई त्यांना कळत नाही.

दोघांना पिंजरा किती मोठा लागतो?

रुंदी महत्त्वाची, उंची नाही, बजी हेलिकॉप्टरसारखा वर उडत नाही, आडवा उडतो. निदान अडीच फूट लांब आणि दीड फूट खोल, तारांमधलं अंतर अर्धा इंच. दुकानात जोडीबरोबर देतात तो छोटा घुमटाचा पिंजरा फक्त घरी आणण्यापुरता ठीक. स्वस्त जाळीवर जस्ताचे चकचकीत थेंब असतील तर व्हिनेगर लावून ब्रशने घासून धुवा, बजी तार चघळतो आणि जस्त विषारी असतं.

भांडतायत! कधी मध्ये पडायचं?

चोचीला चोच मारणं, चिरकणं, दांडीवरून ढकलणं, तोंडातली पालकाची काडी पळवणं, हे घराघरात चालतं, चालू द्या. मध्ये पडायची वेळ म्हणजे एकाने दुसऱ्याचा पाय चोचीत धरून सोडत नाहीये, सारखा पाठलाग चाललाय, एकाला भांड्याजवळ येऊ देत नाही, एक जण खाली तळाशी कोपऱ्यात बसलाय, किंवा रक्त. रक्त दिसलं तर तिथल्या तिथे वेगळे करा, हात घालू नका, टॉवेल टाका. जखमेवर कॉर्नफ्लोअर आणि कापूस दाबून धरा, छातीवर दाब देऊ नका, पक्षी छाती हलवूनच श्वास घेतो. पस्तीस ग्रॅमच्या पक्ष्यात एकूण रक्तच तीन-साडेतीन मिली, त्यामुळे "दोन-चार थेंब तर आहेत" असं म्हणून थांबू नका.

वेगळे केल्यावर एक-दोन आठवडे शेजारी पिंजरे, मग पुन्हा बाहेरच्या भेटीपासून सुरुवात. तिसऱ्यांदाही रक्त निघालं तर त्यांना शेजारी राहू द्या, एकत्र नको. शेजारच्या पिंजऱ्यातून गप्पा मारत, वेगवेगळ्या वेळी बाहेर येत कितीतरी बजी छान जगतात. दुसऱ्या पिंजऱ्याची तयारी आधी विचारली ती यासाठीच.

नवीन आला की जुना माझ्याकडे येणं बंद करेल का? बोलणंही बंद करेल?

माणसाळलेला पक्षी रानटी होत नाही, पण तुमची गरज कमी होते हे मान्य करा, त्यासाठीच तर आणला ना. रोज दोघांना वेगवेगळा थोडा वेळ द्या. क्वारंटाईनचा महिना नव्याला हातावर आणण्यासाठी उत्तम असतो, त्याच्यासमोर तुमच्याशिवाय कुणी नसतं. पुढे तो जुन्याला तुमच्या बोटावर बसून खाताना बघतो आणि त्याचं बघून येतो.

बोलण्याचं म्हणाल तर जो आधीच बोलतो तो सहसा बोलत राहतो, कधी कधी नवीनही त्याच्याकडून उचलतो. अजून न बोलणारा मात्र जोडीदार आल्यावर शिकण्याची शक्यता कमी. नर जास्त बोलतात. कॅलिफोर्नियातल्या पक नावाच्या बजीच्या नावावर १,७२८ शब्दांचा विक्रम आहे. आपल्याकडे "मिठू मिठू" आणि दाराची बेल, यात समाधान माना.

नर-मादी आहेत, पण पिल्लं नको आहेत.

मडकं लावू नका. दुकानदार जोडीबरोबर हटकून मडकं देतो, त्यात रोप लावा. मडकं नाही, पेटी नाही, नारळाची करवंटी नाही, कपाटामागची अंधारी फट नाही. रात्री दहा-बारा तास अंधार, हॉलमध्ये अकरापर्यंत सिरियल चालत असेल तर पिंजऱ्यावर कापड. अंडं, भिजवलेले दाणे असलं पौष्टिक कमी.

तरी तळाशी अंडं घातलंच तर लगेच उचलू नका, ती भरपाईला आणखी घालत जाते. ताजी अंडी उकळून, गार करून परत ठेवा, आत पिल्लू वाढणार नाही, आणि तिचा रस उतरला की काढून टाका. पिंजऱ्यात समुद्रफेन कायम असू द्या, कॅल्शियम कमी पडलं तर अंडं आत अडकतं. मादी तळाशी फुगून, शेपूट हलवत जोर काढतेय आणि अंडं येत नाही, ही इमर्जन्सी आहे, सकाळपर्यंत थांबायची गोष्ट नाही.

भाऊ-बहीण निघाले तर?

सोबत राहू द्या, पिल्लं काढू नका.

एक मेला. दुसरा खूप उदास आहे, आजच नवीन आणू का?

आधी तो कशाने गेला ते कळू द्या. संसर्ग असेल तर राहिलेल्यालाही असू शकतो आणि नवीन पक्षी त्यातच येऊन पडेल. त्याची तपासणी करा, पिंजरा, भांडी, दांड्या धुवून उन्हात टाका, जुनं धान्य फेकून द्या. तोवर पिंजरा माणसांच्या वावरात ठेवा. हाका मारतो, शोधतो, काही दिवस कमी खातो. पण एक दिवस अजिबातच खाल्लं नाही तर डॉक्टर, बजीला उपाशी राहणं झेपत नाही.

वर्षातला कुठला काळ चांगला?

दिवाळीनंतरचा. दिवाळीत फटाके, गणपतीत ढोल आणि घरभर पाहुणे आणि धूप, मे महिन्यात बाजारातून घरी आणेपर्यंतच पक्षी धापा टाकायला लागतो. पावसाळ्यात दाण्यांना बुरशी येते, तेव्हा आणलात तर धान्य थोडं थोडं आणून कोरड्या डब्यात ठेवा, वास घेऊन बघा.

पटतच नाही म्हणून एकाला सोडून दिलं तर? आई म्हणते पुण्य लागतं.

कावळा-घारीच्या तावडीत जाईल नाहीतर उपाशी मरेल. त्याला इथलं खाणं शोधता येत नाही आणि थवाही नाही. ओळखीत चांगलं घर बघा.

दोघं असले म्हणजे दोन-तीन दिवस गावाला जाता येतं ना?

सोबत आहे म्हणून एकटेपणा नाही, पण पाणी रोज बदलावं लागतंच, त्यात शी पडते. एका रात्रीसाठी दोन भांडी पाणी आणि दोन भांडी धान्य ठेवून जाता येतं. त्यापेक्षा जास्त असेल तर शेजारी किल्ली द्या. धान्याच्या भांड्यात वर टरफलं साठतात आणि भांडं भरलेलं दिसतं, ती फुंकून काढायची हे त्यांना प्रत्यक्ष करून दाखवा. डॉक्टरचा नंबर फ्रिजवर चिकटवा, आणि पिंजऱ्याचं दार उघडायचं नाही, फक्त भांड्याची खिडकी, हेही सांगून ठेवा.